यादी भाग १४७

पहिल्या यादीत आमचा भाग नव्हताच.
चार शेतं होती, एक विहीर,
आणि तहसील कचेरीत कुणीतरी
फुटपट्टी घसरू न देता ओढलेली एक रेघ.
रेघेच्या अलीकडे ज्वारी,
पलीकडेही ज्वारीच.

मग गिरणीचा भोंगा बंद पडला
आणि माणसं शहराच्या काठाला सरकत आली,
ताट कललं की वरण सरकतं तशी.
पत्र्याची खोली, खोलीत दोन माग,
मागांच्या मागं चूल.
पहिल्या मतदानाला म्हणे ट्रॉलीतून गेले सगळे,
पाच मैलांवरच्या खेड्यात, चावडीवर.
तिथं विचारलं, तुम्ही कुठले?
व्यंकय्या गुंटूक म्हणाला, सोलापूरचे.
सोलापुरात विचारलं की म्हणायचा, गावाकडचे.
दोन्हीकडं थोडं खोटं बोलणारा तो आमचा पहिला मतदार,
अनुक्रमांक एक.

पुढं हद्दवाढ झाली.
रात्री खेड्यात झोपलो, सकाळी महापालिकेत उठलो.
घरपट्टी लगेच आली.
नळ अकरा वर्षांनी.
पाणी पाचव्या दिवशी.

यादी माझ्या हातात आली ती त्या सुमाराला.
तेलुगू शाळेचा मास्तर, पटावर एकोणीस पोरं;
सरकारला वाटलं, याला वेळ आहे.
एका गल्लीत चार भाषांत नावं विचारायची
आणि एकाच मराठीत चुकवून लिहायची.
सिद्रामप्पांचा अप्पा रकान्यात मावला नाही,
रुखसाना शेख सहा वर्षं पुरुष होती,
तिनं तक्रार केली नाही.
म्हणाली, बरं चाललंय.

मग फेररचना.
नवी रेघ ओढ्यानं जाणार होती.
नकाशात ओढा सरळ;
इथं तो गोणपाटं आणि प्लास्टिक बघून वळतो.
कुरापाटींच्या घरात रेघ शिरली ती मोरीतून,
माग एका मतदारसंघात, चूल दुसऱ्यात.
राजव्वा सुपातली पानं बाजूला सारून म्हणाली,
"म्हंजे भाकरी थापताना एकाला
आन् विड्या वळताना दुसऱ्याला, असं का ओ मास्तर?"
मी म्हणालो, बघतो.
बघतो हा शब्द मी सरकारकडूनच शिकलो होतो.

तिचं बोट सांगायचं राहिलं.
चाळीस वर्षं तंबाखूत मुरलेलं,
शाई लावली तरी त्यावर दिसायची नाही.
एकदा केंद्राध्यक्षानं बोट उलटसुलट करून पाहिलं,
म्हणाला, बाई, आधीच टाकून आलीस तू.
हो की, म्हणाली,
रोज हजार टाकते.

कारखान्यात तपासनीस विड्या मोजताना
शंभरातल्या वीस छाट म्हणून काढायचा.
मजुरी नाही, विडी मात्र त्याचीच.
मी यादीतून एकच काढली.
गल्लीत दोन राजव्वा होत्या,
एक गेली,
आणि मी दुसरीच्या नावापुढं लिहिलं: मयत.

मतदान नेमकं पाण्याच्या दिवशी.
घागरी, पिंप, पातेली, शेवटी तांब्यासुद्धा भरून
बायका चारनंतर येऊ लागल्या.
तीही आली, पदर ओला, हातात चिठ्ठी नाही.
यादी पाहिली, माझ्याकडं पाहिलं.
"मेले तर मेले," म्हणाली,
"कुठल्या मतदारसंघात, तेवढं तरी सांगा."
चारी पक्षांचे एजंट हसले,
पहिल्यांदाच एकाच गोष्टीला.
मला नकाशा काढून बघावासा वाटला,
खरंच वाटला.

नमुना सहा भरला. सही मीच दाखवली कुठं करायची,
तिनं तिथं अंगठा दिला, काळा,
शाईच्या पॅडची गरज नव्हती जवळजवळ.
नाव आलं. ओळखपत्रही आलं, फोटोत डोळे मिटलेले.
तीन महिन्यांनी ती गेली, या वेळी खरीच,
मोरीच्या कुठल्या बाजूला ते मी विचारलं नाही.

नमुना सात खणात आहे.
त्यानंतर दोन निवडणुका झाल्या,
तिच्यापुढची चौकट कोरी,
आमच्या भागाची टक्केवारी एकानं कमी दिसते.
दिसू दे.

आता फोनवर यादी करणारी नवी मुलगी येते,
सर, १४७ तपासून देता का, म्हणते.
देतो म्हणालो, उद्या ये.
उद्या नको, परवा.
उद्या पाणी आहे.